१५ जण, ३ दिवस आणि मांडू

आपण इंदूरच्या सुदामानगरहून विचारले आहे ते थोडक्यात असे. ९ मोठी माणसे आणि ५ ते १३ वर्षांची ६ मुले, म्हणजे आपले घर, दीर-जाऊ आणि यजमानांच्या दोन मित्रांची कुटुंबे, अशा १५ जणांना १५ ऑगस्टला लागून येणाऱ्या सुट्टीत ३ दिवसांत ओंकारेश्वर, महेश्वर, सहस्रधारा, मांडू आणि परतताना पाताळपाणीचा धबधबा एवढे करायचे आहे. सोबत ७४ वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात आणि मधुमेहासाठी इन्सुलिन चालू आहे. गाडी कोणती घ्यावी, खोल्या कशा ठरवाव्यात आणि दिवाळीनंतर हीच मंडळी रेल्वेने पचमढीला जाणार असल्यास सासूबाईंना खालची बर्थ कशी मिळवावी, हेही आपल्याला हवे आहे. गेली २२ वर्षे मी इंदूरहून अशाच घरगुती गटांच्या सहली नेत आले आहे, त्या अनुभवावरून लिहिते.

आपला आराखडा नकाशावर पाहिला तर अगदी आटोपशीर दिसतो. इंदूर ते ओंकारेश्वर सुमारे ८० किलोमीटर, तिथून महेश्वर ६५ च्या आसपास, महेश्वर ते मांडू जेमतेम ४० आणि मांडूहून धारमार्गे इंदूर साधारण १००. म्हणजे ३ दिवसांत ३०० किलोमीटरसुद्धा होत नाहीत. पण १५ जणांच्या सहलीत वेळ खातो तो रस्ता नव्हे, थांबा. आपण एकट्या किंवा दोघे जाताना ढाब्यावर चहाला १० मिनिटे लागतात. १५ जण उतरतात तेव्हा पहिला उतरलेला चहा मागवून मोकळा होतो, तरी शेवटचा अजून सीटखाली चप्पल शोधत असतो. दोन मुलांना लघवीला न्यायचे असते, तिसऱ्याला ती गाडीत बसल्यावर आठवते, कोणीतरी समोरच्या टपरीवर भुट्टा भाजून घ्यायला गेलेला असतो आणि मग डोकी मोजली की १४ भरतात. मी घड्याळ लावून पाहिले आहे, ३५ मिनिटांच्या आत हे आटपत नाही. असे ४ थांबे झाले की सव्वादोन तास गेले, आणि ते आपल्या आराखड्यात कुठेच धरलेले नाहीत. म्हणून ठिकाणांची यादी बाजूला ठेवून आधी गटाचे तास मोजावेत, आणि तेही सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाच्या चालीने. सासूबाईंना सकाळी इन्सुलिन, नाश्ता, औषधे आणि आवराआवर यांना दीड तास लागत असेल, तर १५ जणांचा दिवस त्या दीड तासानंतर सुरू होतो. दुपारी त्यांना तासभर पाठ टेकावी लागत असेल, तर तो तासही सगळ्यांचाच धरावा. उरलेले ६-७ तास हीच आपली खरी पुंजी, आणि तिच्यात दिवसाला एक मोठे व एक लहान ठिकाण एवढेच बसते.

या हिशेबाने माझा पहिला सल्ला असा की ओंकारेश्वर या वेळी वगळावे. देवाचे ठिकाण वगळा म्हणताना मला संकोच वाटतो, पण कारण पंचांगातच आहे. आपल्या मराठी पंचांगाचा श्रावण आषाढ अमावास्येनंतर लागतो. इथल्या हिंदी भाषक शेजाऱ्यांचा सावन मात्र गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे आपल्या १५ दिवस आधी सुरू होतो. भिंतीवरच्या कॅलेंडरात श्रावण लागलेला नाही म्हणून ‘आता गर्दी नसेल’ असे समजून निघालेली मराठी घरे मी दरवर्षी रांगेत उभी पाहते. दोन्ही पंचांगे धरली तर ही गर्दी साधारण दीड महिना चालते. उज्जैनला महाकालाची सवारीदेखील हिंदी पंचांगातल्या भाद्रपदाच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत निघते ती त्यामुळेच. खंडवा रस्त्यावर नर्मदेचे जल घेऊन निघालेले कावडयात्री असतात, झुलत्या पुलावर खांद्याला खांदा लागतो, आणि मांधाता बेटावरच्या मंदिराच्या पायऱ्या गुडघेदुखीच्या माणसाने दाटीत चढणे धोक्याचे आहे. त्यात नर्मदेचे पाणी चढले तर मोरटक्क्याचा पूल हाच मोठा अडसर होतो. सप्टेंबर २०२३ च्या पुरात तो बंदच ठेवावा लागला होता. मार्गशीर्षात एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी सासूबाईंना घेऊन तिघेचौघेच जावे, ममलेश्वरासह निवांत दर्शन होईल.

सहस्रधारेचेही तसेच. महेश्वरच्या खाली नर्मदा खडकांतून अनेक धारांनी वाहते म्हणून ते नाव, पण ऑगस्टच्या भर पाण्यात ते खडकच बुडालेले असतात आणि दिसतो तो एकसंध गढूळ लोंढा. ते हिवाळ्यात पाहण्याचे ठिकाण आहे. पाताळपाणी तर मांडूहून येताना आडवाटेला पडते. जुलै २०११ मध्ये तिथे सहलीला आलेली माणसे अचानक वाढलेल्या प्रवाहात वाहून गेली, हे इंदूरकरांना आठवत असेलच. पाऊस वर, डोंगरात कुठेतरी पडतो आणि पाणी कोरड्या आभाळाखाली उभ्या असलेल्या माणसांवर येते. पाण्याचा रंग बदलून मातकट झाला, काटक्या-पाचोळा वाहत येऊ लागला की क्षणभरही न थांबता काठ सोडायचा असतो, पण ६ मुले पाण्यात उतरलेली असताना हे कोणाच्या लक्षात राहत नाही. मुलांना धबधबा दाखवायचा असेल तर पाताळपाणी ते कालाकुंड ही २०१८ पासून चालणारी हेरिटेज रेल्वे पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी वेगळी करावी. डब्याच्या खिडकीतून धबधबा सुरक्षित दिसतो आणि कालाकुंडला पळसाच्या पानावर मिळणारा कलाकंद हा त्या प्रवासाचा निम्मा आनंद आहे.

उरले महेश्वर आणि मांडू. ३ दिवसांत एवढेच करा आणि जमले तर १५ ऑगस्टची तारीखही सोडा. त्या दिवशी मांडूच्या घाटात गाड्यांची रांग लागते. अर्धे इंदूर सकाळी निघून संध्याकाळी परतण्याच्या बेताने तिथे आलेले असते. त्याऐवजी पुढचा शनिवार-रविवार-सोमवार घ्यावा. मोठ्यांची एक रजा आणि मुलांची एक शाळा बुडेल, पण शनिवारी आपण महेश्वरला असाल, रविवारी संध्याकाळी इंदूरकर घाट उतरत असताना आपण मांडूत शिराल, आणि सोमवारी सकाळी जहाज महालात आपल्याखेरीज फारसे कोणी नसेल. मांडूला मुक्काम करायचा तो नेमका याच सकाळसाठी. मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्यामध्ये ती लांबलचक इमारत उभी आहे. दोन्ही तलाव भरलेले आणि खाली धुके असले की तिला जहाज का म्हणतात ते मुलांना समजावून सांगावे लागत नाही. ११ वाजल्यानंतर तिथे फक्त छत्र्या आणि सेल्फी दिसतात.

शनिवारी ७ ला निघायचे ठरवले तर साडेसातला निघाल, ११ च्या सुमारास महेश्वर. मानपूरपुढचा गणपती घाट अवजड गाड्यांच्या अपघातांमुळे कुप्रसिद्ध झाला, तिथला उतार दिवसाउजेडी आणि ट्रकपासून अंतर ठेवून उतरावा. ४ वाजेपर्यंत जेवण व विश्रांती, आणि मग घाट. अहिल्या घाटाच्या पायऱ्या सुंदर आहेत तितक्याच पावसाळ्यात शेवाळलेल्या असतात. सासूबाईंना शेवटच्या पायऱ्यांपर्यंत नेण्याचा आग्रह करू नये. त्यांच्यासाठी किल्ल्यातला राजवाडा आहे. १७६७ ते १७९५ या काळात अहिल्याबाईंनी जिथून कारभार पाहिला ती गादी तिथे आहे, आणि सकाळी लवकर पोहोचल्यास मातीची शिवलिंगे करून होणारी लिंगार्चन पूजा पाहता येते. आमच्या गटातल्या एक आजी त्या पूजेपाशी तास दीड तास बसून राहिल्या होत्या आणि घाट न पाहिल्याची खंत त्यांनी एकदाही बोलून दाखवली नाही. साड्यांसाठी रविवारची सकाळ मोकळी ठेवावी आणि किमान २ तास धरावेत. पुरुष मंडळी अर्धा तास म्हणतील, ते मनावर घेऊ नये. नावेचा बेत मात्र पाणी पाहून. नाव बंद आहे असे नावाड्यांनी सांगितले की जास्त पैसे देऊन कोणाला तयार करू नये.

मांडूत सासूबाईंना जहाज महालाचा तळमजला, होशंगशाहाची कबर आणि जामी मशिदीचा परिसर हे बेताने जमेल. रूपमती मंडपापर्यंत चढ आहे. वरून निमाडचे मैदान आणि स्वच्छ दिवशी नर्मदेची रेघ दिसते असे सगळे सांगतात, ते खरेही आहे, पण ऑगस्टमध्ये बहुधा दिसतो तो नुसता पांढरा ढग. मला स्वतःला तो ढगच अधिक आवडतो, तरी त्यासाठी ७४ वर्षांच्या गुडघ्यांना चढवू नये. नीळकंठालाही साठेक पायऱ्या उतरून पुन्हा चढाव्या लागतात. अशा दोन ठिकाणी त्यांच्यासोबत कोण थांबणार हे घरीच ठरवून घ्यावे, आणि दोन्ही वेळा सूनच थांबणार असे गृहीत धरू नये. एकदा दीर, एकदा मोठी नात.

याच कारणासाठी गाडी एक नव्हे, दोन घ्याव्यात असे माझे मत आहे. १७ आसनांच्या ट्रॅव्हलरमध्ये १५ जण बसतात खरे, पण मग सामान टपावर जाते आणि पावसाळ्यात ताडपत्रीखाली बांधलेल्या बॅगेपर्यंत मधल्या थांब्यावर पोहोचता येत नाही. १२ आसनांची ट्रॅव्हलर आणि सोबत घरची एक कार हे अधिक बरे: ट्रॅव्हलरमध्ये ११, कारमध्ये ४. एखाद्या मुलाला ताप आला, सासूबाईंना दमल्यासारखे झाले, तर कार खोलीवर परतते आणि बाकीच्यांचा दिवस मोडत नाही. ट्रॅव्हलर ठरवताना पिवळ्या पाटीचीच घ्यावी. ओळखीच्या कोणाची पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात मिळते, पण भाड्याने चालवलेल्या खासगी गाडीला अपघात झाला तर विम्याची भरपाई अडते. भाव विचारताना चार गोष्टी लेखी घ्याव्यात, त्यासाठी व्हॉट्सअॅपवरचा निरोपही चालतो: रोजचे किमान किलोमीटर किती धरणार, मोजणी आपल्या दारापासून की त्यांच्या गॅरेजपासून, ड्रायव्हरचा भत्ता व रात्रीचा मुक्काम कोणाकडे, आणि टोल-पार्किंग भाड्यात की वेगळे. आपली सहल ३०० किलोमीटरच्या आतली असल्याने रोजच्या किमान किलोमीटरची अट आपल्यालाच महाग पडते; तेव्हा ३ दिवसांचा ठोक दर मागावा.

खोल्या ५ पुरतात: चार कुटुंबांच्या चार, आणि पाचवी सासूबाईंची, जिच्यात एक नात त्यांच्यासोबत झोपेल. महेश्वर आणि मांडू दोन्हीकडे मध्य प्रदेश पर्यटनाची निवासस्थाने आहेत. खासगी हॉटेलेही आहेत. कुठेही घेतली तरी चौकशीची भाषा नेमकी हवी. एकदा मी फोनवर ‘खोली खालीच आहे ना?’ असे विचारले होते आणि ‘हो, खालीच’ असे उत्तर मिळाले. पोहोचल्यावर कळले की इमारत उतारावर असल्याने ‘खाली’ म्हणजे स्वागतकक्षापासून २२ पायऱ्या उतरून. चूक त्यांची होती तशी माझ्या प्रश्नाचीही होती. तेव्हापासून मी ‘गाडी थांबते तिथून पलंगापर्यंत पायऱ्या किती?’ असे विचारते आणि खोलीचा व न्हाणीघराचा फोटो मागवते. कमोड आहे का, न्हाणीघराचा उंबरा किती उंच आहे आणि वीज गेल्यावर जनरेटरवर काय काय चालते, हेही विचारून ठेवावे. प्रत्येक मोठ्या माणसाने मूळ ओळखपत्र जवळ बाळगावे.

आता औषधांविषयी, कारण त्यात मी स्वतः चुकले आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत, एका मावशींची औषधांची पिशवी मीच ‘सुरक्षित राहील’ म्हणून मोठ्या बॅगेत घातली आणि ती बॅग टपावर गेली. मानपूरजवळ त्यांना जेवणाआधीचे इन्सुलिन हवे होते. धो धो पावसात ड्रायव्हरने टपावर चढून दोरीच्या भिजलेल्या गाठी सोडल्या, ६ बॅगा खाली घेतल्या आणि सातवीत ती पिशवी निघाली. पाऊण तास गेला; तोवर त्यांच्यापुढचे ताट निवले होते आणि मावशी मलाच धीर देत होत्या. तेव्हापासून माझा नियम असा आहे की औषधे दोन जागी ठेवायची: अर्धी ज्यांची त्यांच्या हातपिशवीत, अर्धी दुसऱ्या गाडीतल्या माणसाकडे, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. वापरात असलेले इन्सुलिन उन्हापासून आणि बंद गाडीच्या उष्णतेपासून दूर ठेवले की पुरते. ते बर्फाला थेट टेकवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन वाया जाते. जवळ ग्लुकोज बिस्किटे आणि साखर हवी. आणखी एक गोष्ट वयस्क बायका बोलून दाखवत नाहीत: वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी त्यांना चक्कर येते. त्यामुळे निघताना ‘दर दीड तासाने थांबणार’ हे त्यांच्या कानावर घालावे आणि तसे खरोखर थांबावे.

खाण्याचे फार अवडंबर नको. पहिल्या दिवशी दुधातल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणाची चटणी घरून घ्यावी. सकाळी पोहे-जलेबी खाऊन लगेच घाट उतरला की मागच्या बाकावरची मुले ओकतात, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. गाडी लागणाऱ्यांना पुढे बसवावे. सोमवार श्रावणातला असेल तर गटात उपवासाचे किती आहेत हे आधी विचारून राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे, केळी बरोबर ठेवावीत, कारण मांडूत आयत्या वेळी साबुदाण्याची खिचडी मिळेलच असे नाही. इन्सुलिन घेणाऱ्या सासूबाईंनी मात्र उपवास करू नये, किंवा डॉक्टरांना विचारूनच करावा. मांडूत दाल-पानिये जरूर खा. मक्याचे जाडसर पीठ पानांत दाबून गोवऱ्यांवर भाजतात, त्याला तासभर तरी लागतो; म्हणून महाल पाहायला जाताना सांगून जावे आणि परतताना बसावे. गोरखचिंचेची मोठी फळे विकायला दिसतील. आंबट गर मुलांना आवडतो, पण फळ गाडीत फोडू देऊ नका.

पचमढीसाठी इंदूर-जबलपूर ओव्हरनाइट एक्सप्रेसने पिपरियाला उतरावे. पुढे सुमारे ५० किलोमीटर घाटरस्ता आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, आणि एका तिकिटावर ६ च प्रवासी घेता येतात. इथेच बहुतेक घरे चुकतात: आजींचे नाव सगळ्यांसोबत एकाच तिकिटावर घालतात. खालच्या बर्थचा राखीव कोटा ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी आहे, पण तो प्रवासी एकटा असेल किंवा अशाच दोघांचे मिळून तिकीट असेल तेव्हाच लागू होतो. म्हणून सासूबाईंचे तिकीट त्या कोट्यातून वेगळे काढावे, आणि बरोबरीच्या आणखी कोणी ४५ वर्षांवरील बाई गटात असतील तर दोघींचे एकत्र. डबा वेगळा आला तर गाडीत सहप्रवाशांना विनंती करून कोणीतरी शेजारी येऊ शकते. वरची बर्थ खाली आणणे त्याहून कठीण. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती हिशेबात धरू नये. गाडी पिपरियाला पहाटेच्या अंधारात पोहोचते आणि फार थांबत नाही, तेव्हा अर्धा तास आधी सगळ्यांना उठवून सामान दाराशी आणावे, आणि उजाडेपर्यंत स्टेशनवरच चहा घेऊन मग घाट चढावा.

राहिले पैसे. घरच्यांत आणि मित्रांत कुरबूर होते ती खर्चाच्या आकड्यावरून कमी आणि न बोललेल्या गोष्टींवरून जास्त. निघण्याच्या ३ आठवडे आधी चारही घरांनी एका संध्याकाळी बसावे आणि हे बोलून घ्यावे: गाडीचे भाडे डोईप्रमाणे की घराप्रमाणे, लहान मुलांचा वाटा अर्धा की पूर्ण, सासूबाईंची वेगळी खोली कोणाच्या खात्यावर, आणि दीर-जावेने त्यात वाटा उचलायचा की नाही. कारचे पेट्रोलही सामाईक खर्चात धरावे, नाहीतर गाडीमालक बोलत नाही आणि विसरतही नाही. अंदाजाच्या निम्मी वर्गणी आगाऊ गोळा करून एकाच माणसाकडे द्यावी. तो आपले यजमान नसावेत, कारण बेत ठरवणाराच खजिनदार असला की कोणाला काही विचारता येत नाही. मित्रांपैकी एकाला ते काम द्यावे. सामाईक खर्च वहीत त्याच रात्री लिहावा, साड्या आणि मुलांची खेळणी त्यात येऊ देऊ नयेत. परतताना धार सोडले की खजिनदाराने ट्रॅव्हलरमध्ये वही उघडावी आणि बेटमा यायच्या आत सगळा हिशेब मोठ्याने वाचावा. कारमधल्या चौघांना त्याच पानाचा फोटो पाठवावा. जे उरेल ते ‘पचमढीला उपयोगी पडेल’ म्हणून ठेवून घेऊ नये, कारण पचमढीला कदाचित यांपैकी एक घर नसेल. गाडी सुदामानगरला थांबण्याआधी ज्याचे त्याला परत द्यावे.